फ्लॅटची किंमत बघायला गेली आणि नंबर देऊन आली

माझ्या मामेबहिणीने एका रविवारी रात्री मोबाइलवर पुण्याजवळच्या पुनावळ्यातल्या एका प्रकल्पाची जाहिरात बघितली. ‘टू बीएचके. किंमत जाणून घ्या.’ तिने बटण दाबलं. किंमत आली नाही, फॉर्म आला. नाव, नंबर, ईमेल, बजेट, घर कधी घ्यायचंय, लोन हवंय का. तिने सगळं भरलं. ‘धन्यवाद, आमचे प्रतिनिधी लवकरच संपर्क साधतील’ अशी हिरवी अक्षरं उमटली आणि ती झोपली. सोमवारी सकाळी साडेनऊला पहिला फोन आला. ऑफिसात डबा उघडेपर्यंत अकरा फोन झाले होते. त्यातले चार तर वाकड आणि बाणेरच्या भलत्याच प्रकल्पांचे. आणि किंमत? ती अकरा जणांपैकी एकानेही सांगितली नाही. “मॅडम, एकदा साइट व्हिजिटला या, बेस्ट ऑफर काढून देतो.”

बारावा फोन तिने मला केला. नंबर मागणारी असली पानं बनवणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, हे तिला माहीत आहे. “तुम्ही लोक हे मुद्दाम करता ना रे?”

थोडं मुद्दाम, थोडं अडाणीपणाने, असं मी तिला सांगितलं. ते नीट सांगायचं तर बरंच मागे जावं लागतं. शिवाय नोव्हेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम आल्यापासून माझे धंदेवाले ग्राहकही विचारू लागले आहेत, “आपला फॉर्म चालेल ना?” म्हणून हा लेख दोघांसाठी: नंबर देणाऱ्यांसाठी आणि मागणाऱ्यांसाठी.

## मॉलमधली गाडी आणि कुपनांची पेटी

मॉलच्या दारात फुगे लावलेली गाडी उभी असायची, आठवतंय? शेजारी टेबल, टेबलावर पेटी. कुपनावर नाव, पत्ता, फोन, उत्पन्न लिहून पेटीत टाकायचं, लकी ड्रॉमध्ये गाडी. गाडी कुणाला लागली ते कळायचं नाही, पण पुढचे सहा महिने हॉलिडे क्लबवाल्यांचे फोन मात्र यायचे. पेटी गाडी वाटण्यासाठी नव्हतीच. ती कुपनं गोळा करण्यासाठी होती.

आजचं ‘लँडिंग पेज’ म्हणजे तीच पेटी. जाहिरातीवर बोट ठेवल्यावर तुम्ही ज्या पानावर येऊन उतरता ते लँडिंग पेज. नेहमीच्या वेबसाइटला दहा दारं असतात: आमच्याविषयी, फोटो, शाखा. या पानाला मुद्दाम एकच दार ठेवतात, फॉर्म. तो भरलात की तुम्ही ‘लीड’ झालात. हा धंद्यातला शब्द. दुकानदार त्यालाच ‘इन्क्वायरी’ म्हणतात, आणि मला तो जास्त प्रामाणिक वाटतो, कारण त्यात समोरच्याने काहीतरी विचारलंय याची आठवण राहते.

## तुमचा नंबर कितीला पडतो

समजा, एका मॉड्युलर किचनवाल्याने महिन्याला जाहिरातीवर २०,००० रुपये घातले. त्यातून १,००० जण पानावर आले आणि ४० जणांनी नंबर दिला. म्हणजे एक नंबर ५०० रुपयांना पडला. पुढे त्या ४० पैकी १५ जणांनी फोन उचलला, ६ जण दुकानात आले, २ ऑर्डरी झाल्या. एक ऑर्डर १०,००० रुपयांना पडली.

आता जाहिरात एजन्सी महिन्याच्या शेवटी कोणता आकडा दाखवते? ५०० चा. तो दिसायला छान असतो आणि पानावर ‘फ्री थ्रीडी डिझाइन’ लिहिलं की ४०० वरही येतो. फुकट म्हटल्यावर ज्यांना किचन करायचंच नाही तेही नंबर देतात. ऑर्डरी दोनच राहतात आणि फोन करणाऱ्या मुलीचे दिवसाचे चार तास ‘हो का, बघते हं’ ऐकण्यात जातात. एजन्सीकडून हिशेब घेताना एका नंबरचा नाही, एका ऑर्डरीचा घ्यावा. यावरून माझी दोन-तीन कामं गेली आहेत, पण मत बदललेलं नाही.

फ्लॅटच्या बाबतीत तर भानगड आणखी पुढची. बहिणीने भरलेलं पान बहुतेक बिल्डरचं नव्हतंच. प्रकल्पाचं नाव आणि फोटो वापरून दलाल, म्हणजे हल्लीच्या भाषेत चॅनेल पार्टनर, स्वतःची पानं काढतात. गोळा झालेला नंबर त्यांच्यासाठी त्या एका प्रकल्पापुरता नसतो. पुनावळ्यात घर शोधणारी बाई वाकडलाही बघेल, या हिशेबाने तो फिरतो. ओळखायची एक साधी खूण आहे. महाराष्ट्रात प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक लागतो, आणि ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. प्रकल्पाचा क्रमांक ‘पी’ने सुरू होतो, एजंटाचा ‘ए’ने. पानाच्या तळाशी दोन्ही शोधा. काहीच नसेल तर तिथे नंबर देऊ नका.

## आधी साडी दाखवा

लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानात शिरलात की काय होतं? गादीवर बसवतात, पाणी विचारतात आणि “काय रेंजमध्ये दाखवू?” म्हणत सटासट दहा साड्या उलगडतात. फोन नंबर बिल करताना विचारतात. दारातच वही पुढे करून “आधी नाव-नंबर लिहा, मग साडी दाखवतो” म्हणाले तर? तुम्ही शेजारच्या दुकानात जाल. पण ऑनलाइन आपण हेच करतो आणि वर म्हणतो, लोक फॉर्म भरत नाहीत.

चांगल्या पानाचं बहुतेक सगळं मर्म इथेच आहे. नंबर ही किंमत आहे, आणि किंमत मागण्याआधी माल दिसला पाहिजे. किचनच्या पानावर मी आता तीन खऱ्या कामांचे फोटो टाकतो. चकचकीत परदेशी नाही, आपल्याकडचे, ज्यात ओट्यावर कुकर आणि मिसळणाचा डबा दिसतो. प्रत्येकाखाली ओट्याची लांबी, वापरलेलं प्लायवुड आणि एकूण खर्च. मग खाली फॉर्म: ‘तुमच्या ओट्याचा अंदाज हवा असेल तर.’

यावर मालकांचा ठरलेला आक्षेप येतो. किंमत लिहिली तर समोरच्या दुकानदाराला कळेल आणि गिऱ्हाईक फोनच करणार नाही. समोरच्या दुकानदाराला तुमची किंमत आधीच माहीत आहे, तुमचाच सुतार त्याच्याकडेही जातो. गिऱ्हाइकाचं म्हणाल तर आकडा बघून जो गेला, तो फोनवर आकडा ऐकूनही जाणारच होता. फक्त मधले तुमचे पाचशे रुपये आणि पंधरा मिनिटं वाचली. नेमका आकडा सांगता येत नसेल तर ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत, आणि फरक कशामुळे पडतो’ एवढं तर लिहिता येतंच.

## प्रत्येक रकाना म्हणजे एक पायरी

जिन्याला पायऱ्या जास्त तितके वर पोचणारे कमी. फॉर्मचं तसंच. एक्सपीडिया या प्रवासाच्या बुकिंग साइटचा किस्सा आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. त्यांच्या पैसे भरायच्या पानावर ‘कंपनी’ असा एक रकाना होता, तोही ऐच्छिक. लोकांना वाटलं, बँकेचं नाव विचारतायत. ते बँकेचं नाव टाकत आणि मग पत्त्याच्या रकान्यात घरचा पत्ता न टाकता बँकेचा टाकत. पत्ता कार्डाशी जुळत नसे आणि व्यवहार फसे. तो एक रकाना काढला आणि वर्षाचा नफा १ कोटी २० लाख डॉलरने वाढला, असं कंपनीनेच सांगितलं होतं. एवढे पैसे रकाना बनवून नाही, काढून मिळाले.

माझा स्वतःचा किस्सा इतका श्रीमंत नाही. माझे एक ग्राहक मॉड्युलर किचनवाले आहेत, त्यांच्या पहिल्या पानावर मी नऊ रकाने ठेवले होते आणि नंबरावर कडक तपासणी लावली होती: दहा आकडे, बास. महिनाभर चौकशा तुरळक. एक दिवस त्यांच्या वर्कशॉपमध्ये चहा घेत असताना मालकांचे वडील म्हणाले, “अरे, मी भरून बघू का?” त्यांच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड होता. त्यांनी नाव मराठीत लिहिलं, मग नंबर लिहिला, ९ ने सुरू होणारा, अगदी बरोबर. पानाने लाल अक्षरात सांगितलं, ‘कृपया योग्य नंबर टाका’. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लिहिला. पुन्हा लाल. माझ्या कोडला ९ म्हणजे फक्त इंग्रजी नऊ माहीत होता. मराठी जाहिरात, मराठी पान आणि मराठी आकडा मात्र चुकीचा! “माझा नंबर मला माहीत नाही का?” ते म्हणाले. त्यांच्या हातातला मोबाइल घेताना मला चहा गोड लागेना.

त्या दिवसापासून मी यंत्राला समजूतदार करतो आणि माणसाला मोकळं सोडतो. मराठी आकडे आले तर कोडने बदलून घ्यावेत. आपल्याकडे नंबर पाच-पाच आकड्यांत तोडून लिहायची सवय आहे, तेव्हा मधली जागा निमूट गाळावी. पुढे शून्य किंवा +९१ लावलं असेल तर तेही. नंबराच्या रकान्यावर बोट ठेवताच आकड्यांचा कीबोर्ड वर यावा. एवढंसं काम असतं, तरी निम्म्या पानांवर अक्षरांचा येतो. नावाला एकच रकाना ठेवावा. ‘फर्स्ट नेम, लास्ट नेम’ बघून आपल्याकडची मंडळी थबकतात, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कुठे घालायचं? किचनचा अंदाज द्यायला ते लागतही नाही.

आणखी एक. रकान्याचं नाव रकान्याच्या आत फिकट अक्षरात लिहायची फॅशन आहे. टाइप करायला लागलं की ते नाव गायब. मध्येच दारावरची बेल वाजली आणि माणूस परत आला की काय विचारलं होतं ते त्याला आठवत नाही. नाव वर, ठळक, कायम असू द्या. आणि अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान नकोत. आयफोनवर त्याहून लहान ठेवली तर रकान्यावर बोट ठेवताच अख्खं पान फुगतं आणि बटण पडद्याबाहेर जातं.

नऊचे तीन रकाने झाले: नाव, नंबर, गाव किंवा भाग. ईमेल काढला. किचनवाल्यांनी गेल्या चार वर्षांत कुणालाही ईमेल पाठवलेला नाही, मग मागायचा कशाला?

## “पण मग फालतू चौकशा येतील!”

येतील काही. रकाने वाढवून गिऱ्हाइकाची चाळण करता येते हे खरंच आहे. पन्नास लाखांचं यंत्र विकणाऱ्या भोसरीच्या कारखान्याला ‘कंपनी, क्षमता, कधीपर्यंत’ हे विचारावंच लागतं, आणि खरा खरेदीदार ते भरतोही. पण चाळण प्रश्नाने व्हावी, कंटाळ्याने नाही. लांबलचक फॉर्मला जो टिकतो तो सगळ्यात गरजू असतो असं नाही, बऱ्याचदा तो सगळ्यात रिकामा असतो.

माझा तोडगा: एकच प्रश्न, पण नेमका. किचनसाठी ‘फ्लॅटचा ताबा मिळाला आहे का?’ हो किंवा नाही. ताबा मिळालेल्यांना आज फोन, बाकीच्यांना त्यांनी सांगितलेल्या महिन्यात. ‘बजेट किती’ हा प्रश्न मात्र मी विचारत नाही. त्याला आपल्याकडे कुणी खरं उत्तर देत नाही, स्थळाच्या बायोडेटातल्या ‘अपेक्षां’सारखं.

खोट्या नंबरांसाठी ओटीपी लावायचा का? शेवटचा आकडा बदलून नंबर देण्यात आपण सगळेच पटाईत आहोत. ओटीपीने ते थांबतं, पण मेसेज उशिरा आला तर खराखुरा माणूसही जातो. लोक खोटा नंबर का देतात याचा विचार आधी करावा. त्यांना माहिती हवी असते, फोन नको असतो. माहिती पानावरच दिली तर खोट्याची गरजच बरीच कमी होते.

## “मग सरळ व्हॉट्सॲपचं बटण ठेवू ना”

ठेवा. माझ्या निम्म्या ग्राहकांना तेच सोयीचं पडतं, कारण गिऱ्हाईक ओट्याचा फोटो तिथेच टाकतं. अडचण दुकानाच्या बाजूला आहे. फॉर्मच्या चौकश्या एका यादीत पडतात. व्हॉट्सॲपवरच्या चौकश्या मालकाच्या फोनमध्ये, सकाळच्या सुप्रभात मेसेजांखाली जातात. रात्री दहाला ‘हाय’ लिहिणाऱ्याला उत्तराची अपेक्षा दहा वाजून दोन मिनिटांनी असते. उत्तर द्यायला माणूस असेल तर व्हॉट्सॲप, नसेल तर फॉर्म. दोन्ही ठेवायची असतील तर ठेवा, पण एक ठळक, दुसरं साधं.

## बारीक अक्षरांत काय लिहिलेलं असतं

बहिणीने पाठवलेला स्क्रीनशॉट मी मोठा करून वाचला. बटणाखाली, राखाडी रंगात, मुंगीएवढ्या अक्षरात, इंग्रजीत मजकूर होता. मतलब असा: कंपनी आणि तिचे प्रतिनिधी मला फोन, एसएमएस, ईमेल, व्हॉट्सॲप करू शकतात, आणि मी डीएनडीमध्ये, म्हणजे जाहिरातींचे फोन नको असलेल्यांच्या यादीत, नाव नोंदवलेलं असलं तरी ही परवानगी त्यावर वरचढ राहील. शेजारच्या चौकोनात टिक आधीच केलेली. १९०९ या नंबरावर डीएनडीची नोंद करूनही फोन का येतात, असा प्रश्न अनेकांना पडतो. एक कारण हे: आपण स्वतःच ‘होकार’ दिल्याचा कागद त्यांच्याकडे असतो. ‘प्रतिनिधी’ या एका शब्दात किती माणसं मावतात ते तिने सोमवारी मोजलंच.

इथे कायदा येतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ चा. त्याचे नियम २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली आहे, म्हणजे मे २०२७. त्यात संमतीची व्याख्या बारकाईने केली आहे: ती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कामासाठी, माहिती असताना, विनाअट आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. आधीच टिक केलेला चौकोन यात बसवणं अवघड आहे, कारण कृती कंपनीने केली, तुम्ही नाही. संमती ज्या कामासाठी दिली त्याला लागणाऱ्या माहितीपुरतीच धरली जाते. कायद्यातच उदाहरण आहे: फोनवरून डॉक्टरचा सल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधली संपर्क यादी मागितली आणि माणसाने हो म्हटलं, तरी सल्ल्यासाठी ती यादी लागत नाही, म्हणून तेवढी संमती ग्राह्य नाही. आणखी एक उदाहरण तर थेट दलालाचं. एका बाईने भाड्याच्या घरासाठी दलालाला मेसेज करून स्वतःची माहिती दिली. तो ती घर शोधून द्यायला वापरू शकतो. पण नंतर तिने ‘आता मदत नको’ कळवलं की त्याने थांबायचं. बस.

माहिती कशासाठी घेतो, संमती मागे कशी घ्यायची आणि तक्रार कुठे करायची हे साध्या भाषेत सांगावं लागेल, आणि वाचणाऱ्याला ते इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत बघायची सोय द्यावी लागेल. म्हणजे मराठीतही. संमती देणं जितकं सोपं, मागे घेणंही तितकंच सोपं हवं.

पानांच्या फसव्या रचनांवर वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ती ३० नोव्हेंबर २०२३ ला काढली, एकूण १३ प्रकार सांगितले आहेत. खोटी घाई त्यातच येते. ‘ऑफर संपायला ०९:५९ मिनिटं’ असं घड्याळ दिसलं की पान बंद करून पुन्हा उघडून बघा. पुन्हा दहा मिनिटांपासून सुरू झालं तर समजा. ‘नाही, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असं लाजवणारं नकाराचं बटण हा दुसरा प्रकार. माझ्याकडेही लोक हे मागतात. मी नाही म्हणतो, ते दुसऱ्याकडून करून घेतात.

## “आम्ही छोटे, आम्हाला कोण विचारतंय?”

कायद्यात दुकानाच्या आकाराची अट नाही. स्टार्टअपसकट काही वर्गांना काही कलमांतून सूट द्यायचा अधिकार सरकारने ठेवला आहे, पण ‘आम्ही छोटे’ म्हणजे आपोआप सुटका असं नाही. २५० कोटींच्या दंडाचा आकडा सगळीकडे फिरतोय. ती कमाल मर्यादा आहे, माहितीच्या सुरक्षेत हयगय झाल्याबद्दलची, आणि दंड ठरवताना चुकीचं स्वरूप बघायचं आहे. गल्लीतल्या दुकानाने त्याला घाबरून फॉर्म काढून टाकायची गरज नाही.

कागदावरचं कुपन कागदावरच राहिलं तर या कायद्याच्या बाहेर. ते एक्सेलमध्ये भरलं की आत.

क्लासवाल्यांनी मात्र नीट लक्ष द्यावं. अठरा वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागते. दहावीच्या मुलाचा नंबर मागण्यापेक्षा फॉर्मवर सरळ ‘पालकांचं नाव आणि नंबर’ लिहा. नाहीतरी फी तेच भरणार आहेत.

## बटण दाबल्यावर

‘प्रतिनिधी लवकरच संपर्क साधतील’ हे वाक्य मी कुठल्याच पानावर ठेवत नाही. लवकर म्हणजे कधी, प्रतिनिधी म्हणजे कोण? किचनवाल्यांच्या पानावर आता असं येतं: ‘उद्या सकाळी ११ ते १ मध्ये वर्कशॉपमधून एक फोन येईल, या नंबरावरून. तुमचा नंबर दुसऱ्या कुणाला देत नाही. नको असेल तर इथे दाबा, काढून टाकतो.’ लोक तो नंबर ओळखतात म्हणून उचलतात. ‘काढून टाका’ दाबणारे अगदी थोडे, पण त्यांना फोन करण्यात वेळ गेला असता.

बहिणीला मी एक मेसेज लिहून दिला: ‘मला आता माहिती नको आहे. माझा नंबर आणि बाकी माहिती तुमच्या यादीतून काढून टाकावी, दुसऱ्या कुणाला दिली असल्यास त्यांनाही कळवावं.’ तिने तो अकराही जणांना पाठवला. चौघांनी ‘ओके’ लिहिलं. सहा जण गप्प बसले. एकाने लगेच फोन केला, “मॅडम, मेसेज बघितला. म्हणजे पुनावळे नको ना? मग मी तुम्हाला ताथवड्यात दाखवू का?”